न कापलेली फ्रेम

ऑक्टोबर 2021 मध्ये पाद्र्याजवळच्या एका शेतावरून मी 1973 ची बुलेट 350 विकत घेतली आणि डिसेंबर 2023 मध्ये बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या एका निवृत्त गृहस्थांना ती विकली. मधल्या काळात तिची कॅफे रेसर झाली होती. ती कशी झाली, तिच्यावर काय खर्च झाला आणि विकताना मला काय कळले, ते लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते. व्यवसायाने मी लेखापाल असल्यामुळे प्रत्येक खर्चाची पावती फाईलला लावलेली आहे, तेव्हा आकड्यांच्या बाबतीत तरी स्मरणशक्तीवर विसंबण्याची वेळ येणार नाही.

कॅफे रेसर ही मूळची इंग्लंडमधली, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तरुणांची तऱ्हा. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर 1938 मध्ये सुरू झालेले एस कॅफे हा त्यांचा प्रसिद्ध अड्डा होता. घराघरांतल्या साध्या मोटारसायकली घ्यायच्या, हँडल खाली आणायचे, फुटरेस्ट मागे न्यायचे, दोघांची सीट काढून एकाची बसवायची आणि ताशी शंभर मैलांचा आकडा गाठायचा, एवढाच त्यांचा कार्यक्रम. ज्यांच्याकडे पैसे आणि हात दोन्ही होते ते नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये ट्रायम्फचे इंजिन बसवत आणि त्या संकराला ट्रायटन म्हणत. माझ्या बुलेटचे 346 सीसीचे, सुमारे 18 अश्वशक्तीचे इंजिन शंभर मैलांच्या आसपासही फिरकणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. माझी मागणी शंभर किलोमीटरची होती, आणि तीही अधूनमधून.

गाडी मिळाली तेव्हा ती शेडमध्ये पोत्यांखाली होती. इंजिन जाम नव्हते, टाकीत गंज होता, वायरिंग उंदरांनी संपवलेले होते. मात्र मूळ हँडल, मूळ मडगार्ड, मूळ जोडसीट आणि कोरड्या कापडात गुंडाळलेले हाताने लिहिलेले आरसी पुस्तक असे सगळे जागेवर होते. नव्हता तो फक्त मूळ कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारे उपकरण. आधीच्या मालकाने कधीतरी तो काढून मिक्कार्ब कंपनीचा बसवला होता. त्या वेळी ही गोष्ट मला किरकोळ वाटली होती.

मकरपुरा जीआयडीसीमध्ये ज्यांच्याकडे मी गाडी नेली ते मेकॅनिक चाळीस वर्षे बुलेटच करत आले आहेत. मी मोबाईलवर जमवलेली चित्रे त्यांना दाखवली: मागची फ्रेम कापून वर वळवलेली, मडगार्ड नसलेली, सीटखालून आरपार पलीकडचे दिसणारी अशी. त्यांनी सगळी चित्रे शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "फ्रेम कापवानी नथी, भाई. बाकी जे कहेशो ते करीशुं." त्यांचा नियम असा होता की नवीन बसवायचे ते जुन्याच बोल्टांवर बसवायचे, आणि जे काढायचे ते चिठ्ठी लावून खोक्यात ठेवायचे. मला तेव्हा ते जुन्या माणसाचे सोवळे वाटले. पुढे गाडीचे सगळे रूप याच नियमाने घडवले.

पहिली अडचण हँडलची. कॅफे रेसरचे म्हणून जे क्लिप-ऑन हँडल ओळखले जाते ते पुढच्या फोर्कच्या नळ्यांना दोन बाजूंनी चिमटे मारून बसवतात. पण बुलेटच्या फोर्कच्या वर हेडलॅम्प, स्पीडोमीटर, अ‍ॅमीटर आणि दोन्ही बाजूंचे छोटे टायगर लॅम्प एकत्र धरणारे जे एकसंध ओतीव डोके असते, तेच फोर्कचे वरचे जोखडही असते, आणि त्याखाली नळ्यांवर पत्र्याची आवरणे असतात. क्लिप-ऑनला चिमटा मारायला मोकळी नळी मिळायची तर ते डोके काढून टाकावे लागते, आणि ते काढले की बुलेटचा चेहराच जातो. इथे इंग्लंडचीच जुनी युक्ती कामी आली. ज्यांना क्लिप-ऑन परवडत नसत ते तिथे मूळच्या क्लॅम्पमध्येच बसणारे, पुढे जाऊन खाली वळलेले एका नळीचे हँडल लावत आणि त्याला कॅफेच्याच नावाने एस बार म्हणत. बुलेटच्या हँडलची नळी पाऊण इंचाहून थोडी जाड, म्हणजे 22 मिलिमीटरची असते. तेवढीच नळी घेऊन आम्ही ती पाईप वाकवणाऱ्याकडून वाकवून घेतली. पहिली नळी वाया गेली, कारण हँडल पूर्ण वळवल्यावर माझा अंगठा टाकी आणि क्लच लिव्हर यांच्यात सापडत होता. दुसरी दोन्हीकडे थोडी कमी वाकवली, तेव्हा बोटभर जागा राहिली. एकूण खर्च अकराशे रुपये. संपूर्ण गाडीत इतक्या स्वस्तात इतका फरक दुसऱ्या कशानेही पडला नाही.

फुटरेस्ट मागे नेण्याचे काम मात्र महिनाभर चालले. त्या काळच्या बुलेटला गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे असतो, आणि किकसुद्धा उजवीकडेच. मागे बसणाऱ्याच्या फुटरेस्टचे बोल्ट वापरून आम्ही दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या बसवल्या. डावीकडे ब्रेकचा नवा, आखूड रॉड लेथवर करून घेतला की काम भागले. उजवीकडे मात्र किक मारताना तिचा दांडा ज्या कमानीतून खाली येतो, नेमकी त्याच कमानीत नवीन फुटरेस्ट येत होती. किकचा दांडा बाहेर वाकवावा असे एकाने सुचवले, ते मेकॅनिकांनी ऐकूनच घेतले नाही. शेवटी उजवी फुटरेस्ट दुमडणारी केली. आधी ती पायाने वर करायची, मग किक मारायची, गाडी सुरू झाली की खाली पाडायची. गिअरचा दांडा तर आम्ही त्याच शाफ्टवर फक्त उलटा, मागे तोंड करून बसवला, आणि त्याने एक गंमत केली. बुलेटच्या जुन्या चार गिअरच्या पेटीत पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली पडतात. दांडा उलटल्यामुळे पहिला खाली आणि बाकीचे वर असा आजच्या गाड्यांसारखा क्रम आपोआप झाला, फक्त पाय उजवा. पहिले आठ दिवस मी प्रत्येक सिग्नलला चुकलो.

सीटचे काम सोपे होते. मूळ सीटच्या बोल्टांवर बसणारा पत्र्याचा पाट, त्यावर फोम, मागे छोटा उंचवटा आणि काळे रेक्झिन. रंगाला हात लावला नाही. आरसीत काळा लिहिलेला आहे, तो काळाच राहिला, आणि टाकीवरच्या हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा जशा झिजल्या होत्या तशाच ठेवल्या. सायलेन्सरही मूळचाच ठेवला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते पुन्हा स्पष्ट केले. फ्रेम कापणारे आणि मोठ्या आवाजाचे सायलेन्सर लावणारे हे वाचतात की नाही कोणास ठाऊक. शिवाय बुलेटचा मूळ आवाज बिघडवण्याची गरज लोकांना का भासते, हे मला कधीच समजलेले नाही.

आता इंजिनाविषयी. जवळजवळ सगळ्यांची पहिली सूचना अशी असते की दाब वाढवणारा पिस्टन घाल, कॅम बदल, गाडी पळेल. मेकॅनिकांनी मला इंजिन उघडून कनेक्टिंग रॉडचा खालचा कान दाखवला. त्या काळच्या बुलेटमध्ये तिथे रोलर नसतात. क्रँकपिन आणि रॉड यांच्यात मोकळी फिरणारी एक बुश असते आणि ती तेलाच्या पातळ थरावर तरंगते. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची धाव) 90 मिलिमीटर, म्हणजे पिस्टनला दर फेऱ्यात 180 मिलिमीटर जायचे असते. मिनिटाला 5000 फेरे धरले तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 15 मीटर होतो, आणि हे सगळे ओझे त्या तरंगत्या बुशवर येते. म्हणून आमचा मार्ग उलटा ठरला: फेरे वाढवायचे नाहीत, तेवढ्याच वेगाला ते कमी करायचे. गिअरबॉक्सचे स्प्रॉकेट 16 दातांचे होते, ते 17 चे केले, त्याने त्याच वेगाला फेरे सुमारे 6 टक्क्यांनी घटले. हे वाचायला एका ओळीचे आहे, पण ते स्प्रॉकेट क्लचच्या मागे असल्यामुळे डावीकडचे सगळे झाकण, प्रायमरी चेन आणि क्लच उतरवावा लागतो. सिलिंडर रीबोअर करून ओव्हरसाईज पिस्टन बसवला, पुढच्या ब्रेकचे ड्रम लेथवर साफ करून नवे लायनर लावले, आणि हेडचा इनलेट व कार्बोरेटरचे भोक यांतली पायरी घासून सरळ केली. इंजिनात आणखी काही केले नाही.

ट्यूनिंगचे म्हणाल, तर मला सर्वांत जास्त आनंद त्यातच मिळाला, आणि सर्वांत जास्त चुकाही मी तिथेच केल्या.

प्रज्वलनापासून सुरुवात केली, कारण स्पार्क वेळेवर पडत नसेल तर कार्बोरेटरला कितीही हात लावला तरी उपयोग होत नाही. पॉइंटची, म्हणजे उघडताना स्पार्क पाडणाऱ्या संपर्कांची, फट फीलर गेजने 0.38 मिलिमीटर केली. मग पिस्टन वरच्या टोकाच्या 0.8 मिलिमीटर अलीकडे आणायचा आणि नेमके त्या जागी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. मेकॅनिक सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये अडकवून हलका ओढत, आणि तो ज्या क्षणी सुटेल तिथे प्लेट घट्ट करत. मी मल्टिमीटर घेऊन गेलो होतो. माझ्या मीटरचे आणि त्यांच्या कागदाचे उत्तर एकच आले, तेव्हा मी मीटर पिशवीत घातला. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या पुशरॉडची ढील, तीही अशीच हाताच्या अंदाजाने. इंजिन पूर्ण थंड असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. आदल्या संध्याकाळी चालवलेली गाडी सकाळी थंड मिळावी म्हणून मी तिला तीनदा रात्रभर गॅरेजमध्ये ठेवले.

कार्बोरेटरला मी स्वतःच नडलो. चित्रातल्या प्रत्येक कॅफे रेसरला उघडा, शंकूसारखा फिल्टर असतो, म्हणून मूळ फिल्टरची पेटी काढून मी तो आणून लावला. गोल्डन चौकडीपासून हालोलच्या रस्त्याला लागलो, जरोदच्या अलीकडे मोकळा पट्टा मिळाला, चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला, आणि इंजिन पुढे जाण्याऐवजी अडखळू लागले. तपासण्याची पद्धत अशी, की पूर्ण थ्रॉटलवर थोडे अंतर चालवायचे, मग एकदम क्लच दाबून इंजिन बंद करायचे, गाडी तशीच कडेला घ्यायची आणि प्लग काढून पाहायचा. हळू करत थांबलात तर प्लग पूर्ण थ्रॉटलची नव्हे, हळू चालण्याची गोष्ट सांगतो. माझा प्लग खडूसारखा पांढरा होता, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि अशा स्थितीत पिस्टनला धोका. तिथून रविवारमागून रविवार गेले. कार्बोरेटरमध्ये 90 नंबरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे मुख्य भोक, होता, तो 95 केला, 100 केला, 105 केला. वरचे टोक सुधारले, तर मधल्या थ्रॉटलला गाडी काळा धूर ओकू लागली.

गोंधळ माझा होता. थ्रॉटलच्या पहिल्या पाव भागात पायलट जेट आणि हवेचा स्क्रू यांचे राज्य असते, पाव ते पाऊण भागात सुईचे, आणि मेन जेटची खरी सत्ता शेवटच्या पाव भागात चालते. मी एका टोकाचे औषध सगळ्या अंगाला चोळत होतो. त्यातच मेकॅनिकांना कार्बोरेटरची फ्लँज, म्हणजे तो इंजिनाला जोडणारी सपाट कड, वाकलेली सापडली. कोणीतरी बोल्ट अति आवळल्यामुळे ती मधून उचलली गेली होती आणि त्या फटीतून हवा आत जात होती, म्हणजे मी जेट बदलत होतो आणि हवा मागच्या दाराने येत होती. काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज सपाट घासली, शंकू फिल्टर काढून मूळ पेटी पुन्हा बसवली, 95 चा जेट लावला, सुईची क्लिप एक खाच खाली म्हणजे सुई एक पायरी वर घेतली, आणि हवेचा स्क्रू जिथे फेरे सर्वांत जास्त व स्थिर होतात तिथे सोडला. पुढच्या फेरीला प्लग फिकट बिस्किटी रंगाचा आला. आजच्या शिसेविरहित पेट्रोलवर जुन्या पुस्तकांतला गडद तपकिरी रंग शोधत बसू नये. तो दिसेपर्यंत मिश्रण जरुरीपेक्षा घट्ट झालेले असते. शंकू फिल्टर आठशे रुपयांना पडला होता आणि अजून घरी पडून आहे.

परत येताना पाठीमागे पावागड होता, गाडी ताशी 80 वर शांत चालत होती, आणि स्पीडोमीटरच्या काट्याने त्या दिवशी एकदाच शंभराला हात लावला. मी तो लगेच खाली आणला.

गाडी पूर्ण झाली डिसेंबर 2022 मध्ये. पुढच्याच महिन्यात लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे 21 गन सॅल्यूट कॉन्कूर, म्हणजे प्रदर्शन-स्पर्धा, भरले होते, ते पाहायला गेलो. तिथल्या गाड्यांसमोर फिरताना लोकांच्या बोलण्यात सतत येणारा शब्द "ओरिजिनल" हा होता: हा दिवा मूळचा आहे का, हा स्क्रू त्या काळचा आहे का. घरी येताना स्वतःच्या गाडीचा मला पहिल्यांदाच किंचित संकोच वाटला. विकण्याचा विचार तेव्हाच सुरू झाला, असे आता वाटते. कारण मात्र मी कंबरदुखीचे सांगत असे, आणि तेही खोटे नव्हते. खाली वाकून मांडवीच्या गर्दीतून जाणे पंचेचाळिशीनंतर कोणी करू नये.

विकायला काढल्यावर आलेल्यांपैकी बहुतेकांचा प्रश्न एकच, "किती पळते?" दुसरा प्रश्न, "आवाज वाढवता येईल का?" एका तरुणाने मागचा मडगार्ड कुठून कापायचा हे खडूने आखूनही दाखवले. मी किंमत 1,62,000 सांगत होतो, ते 1,20,000 पासून सुरू करत, आणि चहा पिऊन जात.

मग दांडिया बाजारातले काका आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, सीटखाली टॉर्च मारून फ्रेमचा प्रत्येक जोड पाहिला, इंजिन आणि चेसिसचे क्रमांक आरसीशी ताडून घेतले आणि विचारले, "हिच्यावरून काढलेलं सगळं कुठे आहे?" मी जिन्याखालचा खोका ओढून आणला. मूळ हँडल, फुटरेस्ट, ब्रेकचा रॉड, मागच्या फुटरेस्ट, प्रत्येकावर मेकॅनिकांच्या सांगण्यावरून बांधलेली माझ्या अक्षरातली चिठ्ठी. जोडसीट वर माळ्यावर होती. काकांनी खोक्यातली एकेक वस्तू बाहेर काढून फरशीवर मांडली. एस बारकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नव्हते.

त्यांचा हिशेब साधा होता. जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी त्यात बसते. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांकही ठेवता येतो. अशी गाडी मग रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नसते, पण काकांना ती रोज आणायचीच नव्हती. माझी बुलेट पहिल्यांदा नोंदली गेली ती फेब्रुवारी 1973 मध्ये, म्हणजे पन्नाशी त्याच वर्षी उलटली होती. "फ्रेम कापली असती," काका म्हणाले, "तर मी खाली चपला घालत होतो." मग त्यांनी कार्बोरेटरवर बोट ठेवले. "हा मूळचा कुठे आहे?" तो नव्हता. तो शोधायला त्यांना जो त्रास होणार होता त्याचे, आणि आणखी दोनचार गोष्टींचे पैसे त्यांनी कापले, आणि सौदा 1,48,000 वर झाला.

फाईलमधला हिशेब असा आहे: गाडी 78,000, इंजिन 31,000, लेथकाम आणि फुटरेस्ट 9,500, सीट 4,200, हँडल 1,100, टायर आणि ट्यूब 6,800, वायरिंग 3,900, किरकोळ 5,850. एकूण 1,40,350. नफा 7,650 रुपये. गॅरेजमध्ये घालवलेले रविवार 51, म्हणजे रविवारामागे दीडशे. बायकोने हा आकडा ऐकून, पुढच्या वेळी तिच्याकडे काम कर, ती दोनशे देईल असे सांगितले आहे.

मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 मी स्वतः भरले, प्रती ठेवल्या, आणि गाडी दिल्याची तारीख व वेळ लिहून काकांची सही घेतली. जुनी गाडी विकणाऱ्याने एवढे तरी करावे. आरसीवर आपले नाव असेपर्यंत तिने केलेल्या सगळ्या उद्योगांची चौकशी आपल्याच घरी येते.

चार महिन्यांनी एका रविवारी सकाळी दारात ओळखीचा आवाज आला. काका आले होते, ताठ बसून, मूळ हँडलवर दोन्ही हात रुंद ठेवून. जोडसीटला नवे कव्हर होते, कार्बोरेटर अजून मिक्कार्बच होता. मागे दोरीने माझाच खोका बांधलेला होता. "तुझं तुला," म्हणाले आणि चहा घेऊन गेले. संध्याकाळी खोका उघडला. एस बार, दोन्ही पट्ट्या, दुमडणारी फुटरेस्ट, आखूड रॉड, एकाची सीट, सगळ्यांना नव्या चिठ्ठ्या बांधलेल्या होत्या, या वेळी त्यांच्या अक्षरात. उजव्या पट्टीच्या चिठ्ठीवर खाली लिहिले होते: "8 मिमीचा एक नट कमी आहे. बाजारातून आणून देतो."